वाचकांचे प्रश्न: नाताळ तोंडावर आला, आता काय काय करू?

नोव्हेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी कोणाचं नवऱ्याशी पटत नसतं, कोणाचा मुलगा अभ्यास करत नसतो, पण आता सगळ्यांचं एकच, ताई नाताळ येतोय आणि मला आत्ताच दमायला झालंय. म्हणून यंदा ही सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत आटपलीत, ज्याचं त्याने समजून घ्या.

प्रश्न: ताई, नवरा थोरला म्हणून नाताळला सगळे आमच्याच घरी जमतात, लहानमोठी धरून अठरा माणसं. सजावट, खरेदी, गिफ्टं बांधणं, स्वयंपाक, पाहुण्यांच्या गाद्या-उश्या, वर चर्चमधल्या गायनमंडळाची प्रॅक्टिस. नोकरी आहेच. गेल्या वर्षी पंचवीसला दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी आतल्या खोलीत डोकं धरून पडले होते. नवरा म्हणतो एवढं करतेसच कशाला, कमी कर. पण नेमकं काय कमी करू ते कोणी सांगत नाही, आणि केलं कमी तर सासूबाई म्हणतात आमच्यात असं नसतं. — एक थोरली सून

उत्तर: "एवढं करतेसच कशाला" या वाक्यावर बंदी आणायचा कोणी अर्ज केला तर पहिली सही माझी. कारण हे म्हणणाऱ्याला काय काय चाललंय ते दिसतच नसतं, फक्त बायको चिडलेली दिसते. तर पहिलं काम, ते दिसेल असं कर. एक मोठा कागद घे आणि नाताळची सगळी कामं लिहून काढ, नुसती हातांची नाही, डोक्यातली पण. म्हणजे "स्वयंपाक" असं एका शब्दात लिहू नकोस. कोणाला शुगर आहे, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कोण शाकाहारी झालंय, कोणत्या भाच्याला मागच्या वर्षीचंच गिफ्ट परत जाता कामा नये, हे सगळं लक्षात ठेवणं हेही कामच आहे आणि ते तू एकटी करतेयस. कागद भरला की फ्रीजवर लाव. काही बोलू नकोस, दोन दिवस नुसता राहू दे तिथे.

मग प्रत्येकाला एकेकट्याला गाठून एकच विचार, की नाताळातली अशी कुठली एक गोष्ट आहे जी नसली तर तुला चुकल्यासारखं वाटेल. एकच हं, तीन नाही. आणि सुरुवात सासूबाईंपासून कर, नवऱ्यापासून नको. "आमच्यात असं नसतं" म्हणणाऱ्या माणसाला आपल्याला कोणी विचारलंच नाही हे जास्त लागलेलं असतं. बहुतेक घरांत होतं काय, की उत्तरं अगदी साधी येतात. आजींना सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना हवी असते, पोरांना रात्री जागायला मिळणं, नवऱ्याला भावांबरोबर पत्ते. ज्या गोडाच्या सहा प्रकारांसाठी तू रात्र रात्र उभी असतेस त्यातल्या चारांचं नावसुद्धा कोणी घेत नाही. ते चार गेले. वादही घालावा लागला नाही.

आता वाटणी. इथे बहुतेकजणी "जरा मदत करा ना" म्हणतात आणि तिथेच फसतात, कारण मदतीला आलेला माणूस दर दहा मिनिटांनी विचारतो, वहिनी आता काय करू, म्हणजे काम त्याचं आणि डोकं तुझंच. काम द्यायचं तर अख्खं द्यायचं. झोपण्याची व्यवस्था धाकट्या दिराकडे, म्हणजे किती गाद्या लागतील ते मोजणं, कमी पडल्या तर कुठून आणायच्या, अभ्रे धुणं, कोण कुठे झोपणार आणि पाहुणे गेल्यावर सगळं परत जागेवर ठेवणं, सगळं त्याचं. चादरी एकमेकींशी मॅच होणार नाहीत. तिकडे बघायचं नाही. हे बघायचं नाही हेच सगळ्यात अवघड असतं, मला माहितीय.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तू हे सगळं एका दिवसात का कोंबतेयस? चर्चचं कॅलेंडर काढून बघ. नाताळच्या आधी आगमनकाळ, चार रविवारांचा, तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये ज्या रविवारी सुरू होतो त्यावर अवलंबून 22 ते 28 दिवसांचा असतो. तो वाट बघायचा काळ, शांतपणे तयारीचा. आणि नाताळ सुरू होतो तो 25 ला, तिथे संपत नाही. कॅथलिक पंचांगात 25 डिसेंबर ते 1 जानेवारी असे आठही दिवस सणाचेच मानतात आणि त्याच्याही पुढे जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. आपण नेमकं उलटं करून ठेवलंय, डिसेंबरभर पार्ट्या, खरेदी, लायटिंग, आणि खरा सण सुरू होतो त्या दिवशी आपण आडवे. मग सव्वीसला वाटतं संपलं एकदाचं.

तर अठरा माणसांचं मोठं जेवण पंचवीसलाच हवं हा नियम कोणाचा? नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो, येशू, मरिया आणि योसेफ यांचा (नाताळच रविवारी आला तर तो 30 डिसेंबरला करतात). सगळं कुटुंब जमवायला याच्याहून योग्य दिवस कुठला सांग. पंचवीसला घरातल्या घरात साधं जेवा, दुपारी झोपा, आणि रविवारी सगळ्यांना बोलवा, येताना प्रत्येकाने एकेक भांडं भरून आणायचं या बोलीवर. सासूबाईंना हे "कमी केलं" म्हणून सांगू नकोस, पवित्र कुटुंबाच्या सणाला सगळे एकत्र येऊया म्हणून सांग. खोटं काही नाही त्यात.

मध्यरात्रीच्या मिस्साचंही, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचंही तेच. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन रात्री जायलाच हवं असं नाही. नाताळसाठी चर्चने चार वेगवेगळ्या मिस्सा ठरवून दिल्यात, आदल्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. तुमच्या चर्चमध्ये यातल्या कुठल्या असतात ते विचार आणि झेपेल ती घे. गायनमंडळात रात्री गाणार असशील तर दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता तुझ्याकडे नाही, हे कागदावर लिहून टाक.

स्वयंपाकाचं दोन गोष्टींत सांगते कारण त्यात गडबड होते. फ्रीझरमधला मोठा मांसाचा तुकडा ओट्यावर ठेवून सोडवू नका, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवा, दर दोन किलोमागे साधारण एक दिवस लागतो, म्हणजे चार किलोचा असेल तर दोन दिवस आधीच काढावा लागेल आणि ही आठवण बहुतेकांना चोवीसच्या संध्याकाळी होते. दुसरं, शिजवलेलं अन्न गप्पांच्या नादात टेबलावर तासन्‌तास राहतं, ते दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. हे काम एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या पुतण्याला द्या, मोबाईलवर अलार्म लावून, आवडीने करतात.

प्रश्न: ताई, आमच्या दोन मुलांना नाताळला इतकी गिफ्टं येतात की पाचवं उघडेपर्यंत पहिलं कुठे गेलं ते त्यांना आठवत नाही. आजी-आजोबा, आत्या, मावशी, मामा, सगळे आणतात आणि आम्हालाही सगळ्यांच्या मुलांना परत द्यावं लागतं. पैसे जातात, घर भरतं, आणि मुलं शेवटी खोक्याशी खेळतात. नको म्हटलं तर लोक दुखावतात. आणि हो, मोठा सात वर्षांचा आहे, परवा विचारत होता की सांता खरा आहे का. काय सांगू? — गिफ्टांनी गांजलेले आईबाबा

उत्तर: खोक्याशी खेळतात म्हणजे मुलं ठीक आहेत, काळजी नको.

मोठ्यांमधली देवाणघेवाण आधी बंद करा, ती तशीही कोणाला नको असते, फक्त बोलायचं कोणी हा प्रश्न असतो. एकाने बोललं की बाकीचे सुटलो म्हणतात, करून बघा. सगळंच बंद करायचं नसेल तर चिठ्ठ्या काढा, प्रत्येकाला एकच नाव, एकच वस्तू, रकमेची एक मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवायची आणि नवरा-बायकोला एकमेकांचं नाव आलं तर चिठ्ठी परत. पण हे नोव्हेंबरात करा. डिसेंबरच्या वीस तारखेला चिठ्ठ्या काढण्यात अर्थ नाही, तोवर निम्म्या लोकांनी खरेदी केलेली असते आणि मग दोन्ही दिलं जातं.

आजी-आजोबांना "आणू नका" म्हणू नका, ते ऐकणार नाहीत आणि का ऐकावं त्यांनी. त्यांना नेमकं सांगा. "आई, तुम्ही त्याला सायकल शिकवाल का, तेच तुमचं गिफ्ट" किंवा "आत्या, तू तिला एक दिवस तुझ्याकडे राहायला ने." बऱ्याचदा माणसं वस्तू आणतात कारण दुसरं काय द्यावं ते कोणी सांगितलेलं नसतं. आणि तरीही आलीच दहा खोकी, तर सगळी एका सकाळी फोडायला लावू नका, रोज एक उघडा. नाताळकाळ 6 जानेवारीपर्यंत धरला तरी पुष्कळ दिवस मिळतात, आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटी घेऊन आले तो सण तर 6 जानेवारीचाच, काही देशांत मुलांना भेटवस्तू त्याच दिवशी मिळतात, पंचवीसला नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. खेळणी, वाजणारी ग्रीटिंग कार्डं, छोटे एलईडी दिवे यांत त्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकते. ज्या खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही ते धाकट्याच्या हाती जाऊ देऊ नका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी सकाळपर्यंत बघू म्हणू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता सांता. सात वर्षांचं पोर असं विचारतं तेव्हा त्याला अर्धं उत्तर माहीत असतं, तुम्ही खोटं बोलता का ते तो बघत असतो. आधी उलट विचारा, तुला काय वाटतं? आणि मग ज्यांच्यावरून सांता आला त्या संत निकोलसची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, आजच्या तुर्कस्तानात, ते बिशप होते. एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं होत नव्हती, तर निकोलस यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याची थैली टाकली, एकेकीसाठी एकेक, कोणी टाकली ते कळू नये म्हणून अंधारात. अशी ही परंपरेने आलेली कथा. त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. मग त्याला सांगा की आता तू मोठा झालास, यंदा तूही निकोलस व्हायचं, धाकट्या भावंडासाठी काहीतरी गुपचूप ठेवायचं आणि कोणी ठेवलं ते सांगायचं नाही. सात वर्षांच्या मुलाला गुपित ठेवायला मिळणं ही काय चैन असते ते विचारू नका, रडणं-बिडणं सगळं विसरतो.

प्रश्न: ताई, आमच्याकडे नाताळ जोरात होतो, पण खरं सांगायचं तर त्यात देव कुठे दिसत नाही. वर्षातून एकदा चर्चला जातो, बाकी खाणंपिणं आणि फोटो. मुलांना विचारलं नाताळ कशाचा, तर धाकटी म्हणाली झाडाचा. माझी बायको दुसऱ्या धर्मातली आहे, तिची काही हरकत नसते पण मी एकदम धार्मिक काही सुरू केलं तर तिला परकं वाटेल अशी भीती वाटते. थोडंसं काय करता येईल? — मुलांचे बाबा

उत्तर: थोडंसंच करा, तुम्ही हे बरोबर विचारलंत. ज्यांनी आजवर काहीच केलेलं नाही ते एकदम रोज तासभर प्रार्थना ठरवतात आणि चौथ्या दिवशी बंद पडतं.

माझा सल्ला, मेणबत्त्यांपासून सुरुवात करा. हिरव्या फांद्यांचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो अर्धी वाट सरल्याचा आनंदाचा रविवार. रंग नाही मिळाले तर पांढऱ्या चालतील. याची सुरुवात झाली ती मुलांमुळेच. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखेर्न म्हणून एक पाद्रीसाहेब गरीब मुलांची संस्था चालवायचे, पोरं रोज विचारून भंडावून सोडायची, नाताळ कधी, नाताळ कधी. तर 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या छोट्या लाल, रोज एक पेटवायची, की मुलांनी स्वतःच मोजावं. तुमच्या धाकटीलाही हे मोजणं आवडेल. मेणबत्ती पेटवायची, एखादं नाताळगीत म्हणायचं, आज कोणाला मदत केली किंवा कोणाची आठवण आली ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, विझवायची. पाच मिनिटं. बायकोलाही यात बसता येतं, तिला कुठलं विधान कबूल करावं लागत नाही. पण तिला आधी विचारा, मुलांच्या देखत अचानक सुरू करू नका. आणि तिच्या घरच्या सणांना तुम्ही काय काय करता तेही जरा आठवून बघा, बरोबरीने करत असाल तर परकं वाटायचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं, गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. आपण रेडिमेड सेट आणतो, शोकेसमध्ये ठेवतो, मुलांना हात लावू देत नाही, मग त्यांना तो फर्निचरच वाटणार ना. मुलांना खेळू द्या त्याच्याशी, फुटला तर फुटला. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिल्यांदा असा देखावा केला म्हणतात तेव्हा मूर्ती नव्हत्याच, एक गव्हाणी, गवत आणि खरा बैल नि खरं गाढव, लोक मशाली घेऊन रात्री बघायला आले आणि फ्रान्सिस यांनी तिथे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, गाऊन दाखवलं. तर गव्हाणी चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. बाळ कुठे आहे म्हणून धाकटी विचारेल, विचारू द्या. मागी लोकांना घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, खिडकीत, आणि रोज मुलांनी त्यांना थोडं थोडं पुढे सरकवायचं, ते 6 जानेवारीला पोचले पाहिजेत. मधेच कोणीतरी त्यांना बुटांच्या कपाटावर विसरतं, फ्रीजवर चढवतं, चालतं.

आणि चोवीसच्या रात्री किंवा पंचवीसला सकाळी, गिफ्टं फोडायच्या आधी, लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय काढा, पहिली वीस वचनं. मोठ्याने वाचायला चारेक मिनिटं पुरतात. तुम्ही वाचू नका, मोठ्या मुलाला वाचू द्या, अडखळला तरी मधे सुधारू नका. मुलांच्या लक्षात येईल की यात झाड नाही, तारासुद्धा नाही, तारा आणि मागी मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत, आणि तिथेही ते तीन होते असं कुठे लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या म्हणून आपण तिघे धरले. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत. माझा अनुभव असा की मुलांना "हे बायबलमध्ये नाहीच्चे" हे शोधायला लावलं की ती पहिल्यांदा नीट ऐकतात.

प्रश्न: ताई, लग्न झाल्यापासून दर वर्षी हाच वाद, पंचवीसला सासरी की माहेरी. दोन्हीकडे जेवतो, दोन्हीकडे उशीर होतो, दोन्हीकडची तोंडं पडलेली. आता बाळ झालंय. — दोन ताटांत जेवणारी

उत्तर: दोन्हीकडे जेवणं बंद करा, त्यात कोणालाच पूर्ण मिळत नाही आणि बाळाचा दिवस गाडीत जातो. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, आणि ज्यांच्याकडे पंचवीसला नाही त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पूर्ण मुक्काम, घाईने तासभर नाही. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सांगून टाका, दोघांनी मिळून, आपापल्या आईवडलांना ज्याने त्याने सांगायचं. नवऱ्याच्या आईला सुनेने सांगितलं की त्याचा अर्थच बदलतो.

कोणी म्हणालं नाताळ तो पंचवीसलाच, तर त्यांना म्हणावं शुभवर्तमानात जन्माची तारीख दिलेलीच नाही. 25 डिसेंबरची जुनी नोंद सापडते ती रोमची, इसवी सन 336 ची. जुनं ज्युलियन कॅलेंडर मानणारी ऑर्थोडॉक्स चर्चेस आज आपल्या 7 जानेवारीला नाताळ करतात, दोन कॅलेंडरांत तेरा दिवसांचा फरक पडलाय म्हणून, आणि आर्मेनियन चर्च 6 जानेवारीला जन्म आणि प्रकटीकरण (येशू जगापुढे प्रकट झाला तो सण) एकत्र साजरं करतं. एवढी सगळी माणसं चुकीची नाहीत. अर्थात हे वादात जिंकायला वापरू नका, सासऱ्यांना आवडत असेल तर गप्पांत सांगा. आणि बाळ झालंय म्हणताय तर एखाद्या वर्षी कुठेच न जाता आपल्याच घरी थांबायचा हक्क तुम्हालाही आहे.

प्रश्न: ताई, ऑगस्टमध्ये बाबा गेले. आई म्हणते यंदा नाताळ करायचाच नाही. भाऊ म्हणतो मुलांसाठी करू, बाबांनाही तेच आवडलं असतं. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. — मुलगी

उत्तर: तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. दोघांचा राग येतो हे अगदी साहजिक आहे, कारण दोघंही तुझ्यावतीने ठरवतायत.

करायचाच नाही आणि सगळं नेहमीसारखं करायचं, या दोन्हींच्या मधे बरीच जागा आहे. आईला "करूया ना" म्हणून गळ घालू नकोस, तिला विचार की कुठला क्षण तुला सोसवणार नाही. बहुतेकदा तो एखादाच असतो. बाबा जेवणाआधी प्रार्थना म्हणायचे ती जागा, किंवा त्यांच्या हातून झाडावर तारा लागायचा तो. तेवढी एक गोष्ट यंदा सोडा, किंवा दुसऱ्याने वेगळ्या पद्धतीने करा, नातवाने करू दे, पण आधी ठरवून, ऐनवेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत असं नको. मुलांचं झाड आणि गिफ्टं भावाच्या घरी होऊ देत, आईने यायचं की नाही, किती वेळ बसायचं, हे तिचं तिने ठरवावं, आणि तिला घरी सोडायला एक माणूस आधीच नेमलेला असावा म्हणजे कोणाला सांगत बसावं लागत नाही.

बाबांचं नाव घ्या. नातेवाईक मुद्दाम टाळतात, आईला त्रास होईल म्हणून, आणि तिला वाटतं सगळे विसरले. त्यांच्या नावाने एक मेणबत्ती लावा, एखादी मिस्सा सांगा, त्यांची एखादी वैताग आणणारी सवय आठवून हसा, हसलात म्हणून काही बिघडत नाही. काही चर्चेसमध्ये 21 डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, अशा घरांसाठी वेगळी शांत प्रार्थनासभा ठेवतात, त्याला ब्लू ख्रिसमस म्हणतात. तुमच्या फादरना विचारून बघ. नसेल तर ते घरी येऊन आईशी दोन शब्द बोलतील का, तेही विचार.

आणि तुझं काय? आईला सांभाळणारी तू आणि भावाला समजावणारीही तूच दिसतेयस. एखाद्या मैत्रिणीकडे जाऊन नुसतं बस एक दिवस.

प्रश्न: ताई, दीर पितात आणि दर नाताळला जेवणाच्या टेबलावर तमाशा होतो. बोलवायचं की नाही? — नाव नको

उत्तर: बोलवायचं की नाही हे नवऱ्याने ठरवायचं, भाऊ त्याचा आहे, आणि बोलायचंही त्यानेच, आठवडाभर आधी, भाऊ शुद्धीत असताना, सकाळी. पिऊन झाल्यावर समजावण्यात काही अर्थ नसतो. बोलवायचं ठरलं तर जेवण दुपारचं ठेवा, रात्रीचं नाही, आणि निमंत्रणातच वेळ सांगा, साडेबारा ते चार. घरात दारू ठेवायची नाही असं ठरवलंत तर सगळ्यांसाठी ठरवा, एकट्याला वगळून बाकीच्यांनी ग्लास भरायचे हा अपमान आहे आणि त्यानेच भडका उडतो. घरी सोडायची सोय आधीच करा, गाडीची किल्ली त्यांच्या हातात जाता कामा नये. मुलांवर हात उचलण्यापर्यंत किंवा शिवीगाळीपर्यंत गोष्ट गेलेली असेल तर मात्र सणाचा मुलाहिजा बाजूला ठेवा, बोलवू नका. सासूबाई रडतील. रडू द्या.

प्रश्न: झाड आणि लायटिंग कधी काढायचं? आमच्याकडे यावरून भांडण आहे, मी सव्वीसला काढते. — नीटनेटकी

उत्तर: सव्वीसला? अहो, नाताळ आत्ता कुठे सुरू झालाय. निदान 6 जानेवारीपर्यंत राहू द्या. कॅथलिक घरं बऱ्याचदा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ठेवतात आणि काही ठिकाणी तर गोठा 2 फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला मंदिरात अर्पण केलं त्या सणापर्यंत असतो. खरं झाड असेल तर मात्र वेगळं, त्याला रोज पाणी हवं, काड्या सुकून गळायला लागल्या की तारीख न बघता काढा, सुकलेलं झाड चटकन पेट घेतं. झोपताना आणि बाहेर जाताना लायटिंग बंद.

काढताना एक करा, खोक्यात एक कागद टाका. यंदा काय उरलं, कोणता पदार्थ कोणी खाल्लाच नाही, खुर्च्या किती कमी पडल्या, चिठ्ठ्या कधी काढल्या. पुढच्या नोव्हेंबरात डोक्यातलं सगळं गेलेलं असतं, कागद उपयोगी पडतो. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा म्हणजे गुंता होत नाही, आणि बंद पडलेली माळ परत खोक्यात ठेवू नका, ती वर्षभरात आपोआप दुरुस्त होत नाही.